किनारा सफाईच्या कामावर रुजू होताना

समुद्रकिनाऱ्यावर सफाईचं काम लागलं असं सांगितलं, की समोरचा एकतर हेवा करतो, नाहीतर ‘म्हणजे झाडूच मारायचा ना?’ असं विचारतो. दोघांनाही कामाचा अंदाज नसतो. झाडलेला रस्ता निदान जागेवर राहतो. किनारा मात्र रोज पाण्याखाली जातो आणि बाहेर येतो तेव्हा वाळूचा चढउतार, शेवाळाची रेघ, कचऱ्याची जागा सगळं थोडं सरकलेलं असतं.

या कामात नवा कोण आणि मुरलेला कोण हे ओळखायचं असेल, तर गोणीत डोकावावं. नव्याच्या गोणीत अर्धी वाळू आणि शेवाळ असतं, मुरलेल्याच्या गोणीत जवळजवळ फक्त कचरा. काय उचलायचं हे कोणीही दोन दिवसांत शिकतं. काय तसंच सोडायचं आणि कशाला हातही लावायचा नाही, हे शिकायला एक हंगाम जातो. तो वेळ थोडा कमी व्हावा म्हणून हे लिहितोय.

होकार देण्याआधी विचारून घ्या

काम देणारे साधारण चार प्रकारचे असतात: स्थानिक पालिका, तिनं नेमलेला ठेकेदार, किनाऱ्याला लागून असलेली हॉटेलं, आणि संरक्षित किनारे सांभाळणारी वन किंवा उद्यान खाती. कामाचं नाव एकच असलं तरी अपेक्षा एकमेकींच्या उलट असू शकतात. हॉटेलला पाहुणे उठायच्या आत शेवाळाचा मागमूस नको असतो, तर संरक्षित किनाऱ्यावर तेच शेवाळ उचललंत तर बोलणी बसतात. म्हणून पहिला प्रश्न पगाराचा विचारा, आणि दुसरा हा: ‘इथे स्वच्छ कशाला म्हणतात?’

मग बाकीचे. कामाची वेळ घड्याळाप्रमाणे की भरती-ओहोटीप्रमाणे? हातमोजे, बूट, टोपी कोण देणार, आणि फाटले तर किती दिवसांत बदलून मिळणार? हंगाम संपल्यावर काम चालू राहतं का? इजा झाली तर दवाखान्याचा खर्च कोणाकडे? धनुर्वाताची आणि हिपॅटायटिस-बीची लस देतात का? नसतील देत तर स्वतः घ्या. हिपॅटायटिस-बीचे सहसा तीन डोस असतात आणि ते पूर्ण व्हायला काही महिने लागतात, त्यामुळे रुजू व्हायच्या आधीच सुरुवात केलेली बरी.

गोळा केलेल्या वजनावर पैसे मिळणार असतील, तर दोनदा विचार करा. वजनावर पैसे म्हटले की ओली वाळू गोणीत जायला लागते. त्यात कमरेचं नुकसान तुमचं आणि वाळूचं नुकसान किनाऱ्याचं.

पाणी कधी येतं, कधी जातं

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. काही ठिकाणी भरती दिवसातून एकदाच येते, काही समुद्रांत ती जेमतेम जाणवते. तुमच्या किनाऱ्याचा तक्ता मुकादमाकडे असतो. तो मोबाइलमध्ये काढून ठेवा आणि आठवड्याभराच्या वेळा आधीच पाहून घ्या.

काम ओहोटी लागल्यावर सुरू करायचं. पाणी उतरत जातं तसं वरच्या रेघेपासून खाली यायचं आणि पाणी फिरायच्या आत खालचा भाग संपवायचा. उलट केलंत, म्हणजे आधी खालचं आणि मग वरचं, तर पाणी परत येतं तेव्हा तुम्ही चुकीच्या जागी असता.

अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते. त्या दिवसांत पाणी नेहमीच्या रेघेच्या बरंच वर चढतं आणि वाळूच्या टेकड्यांच्या पायथ्याशी महिनाभर अडकलेला जुना कचरा उचलून घेऊन जातं. म्हणून उधाणाच्या एक-दोन दिवस आधी वरचा पट्टा हातावेगळा करून टाकावा. अष्टमीच्या सुमाराला, भांगाच्या दिवसांत, पाणी फार हलत नाही. पायऱ्या, कुंपण, फलक यांची डागडुजी तेव्हा काढावी.

वाऱ्याचंही एक गणित आहे. दिवस चढला, जमीन तापली की समुद्राकडून वारा सुटतो. पातळ पिशव्या, कागद, थर्माकोलचे दाणे हे सकाळच्या शांत हवेतच हाताला लागतात, नंतर त्यांच्यामागे धावावं लागतं. वारा एकाच दिशेचा असेल तर किनाऱ्याच्या एका टोकाला, खडकांच्या आडोशाला, हलका कचरा साठत जातो. ती जागा पहिल्याच आठवड्यात शोधून ठेवा.

पाण्याकडे पाठ करून वाकायचं नाही. गुडघ्यापेक्षा खोल पाण्यात कचऱ्यासाठी जायचं नाही, मग समोर तरंगणारी वस्तू कितीही मोठी असो. विजेचा साधा हिशेब असा: चमकल्यापासून गडगडाटापर्यंत ३० सेकंदांपेक्षा कमी वेळ गेला तर काम सोडून पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं, आणि शेवटचा गडगडाट ऐकू आल्यावर ३० मिनिटं थांबायचं. उघड्या किनाऱ्यावर सगळ्यात उंच तुम्हीच असता, आणि हातात लोखंडी दाताळं असतं.

अंगावर आणि हातात

पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, मानेवर पडदा असलेली टोपी, गॉगल. गॉगल ही चैन नाही, वाळू आणि पाणी दोन्हीकडून ऊन परत डोळ्यांवर येतं. पायात जाड तळाचे बंद बूट. अनवाणी किंवा चपलेवर काम करणारे जुने लोक दिसतील, त्यांच्या पायांचे तळवेही बघून घ्या. हातमोजे दोन जोड: एक रबराचे, ओल्या कचऱ्यासाठी आणि दुसरे जाड, कापले न जाणारे, काच-पत्रा-जाळ्यांसाठी. कोणत्याही हातमोज्यातून सुई आरपार जाते, हे मात्र लक्षात असू द्या.

हत्यारांत लांब दांड्याचा चिमटा, दाताळं, फावडं, हातचाळणी, बादली, आणि जाळं कापायला दातेरी सुरी. गोणीपेक्षा बादली मला जास्त सोयीची वाटते. वाऱ्यात तोंड उघडं राहतं, तळाशी वाळू दिसते आणि वाजवीपेक्षा जास्त भरली जात नाही. गोणीच वापरायची असेल तर तिच्या तोंडाला प्लॅस्टिकचं कडं बसवून घ्या.

भरण्याचं म्हणाल तर हिशेब पाहा. ओल्या वाळूचं वजन लिटरला सुमारे दोन किलो असतं. म्हणजे २० लिटरची बादली काठोकाठ भरली की ४० किलोच्या आसपास. वाळूमिश्रित काही उचलताना बादली तिसरा हिस्साच भरा. वाळूत पाय रुततो, त्यामुळे वळताना कंबर नाही, पाय वळवायचे.

पहिल्या आठवड्यात ऊन हा सगळ्यात मोठा धोका. उन्हाच्या कामांसाठी अमेरिकेत एक शिफारस आहे, ती कुठेही लागू पडते: अगदी नव्या माणसानं पहिल्या दिवशी पूर्ण पाळीच्या २० टक्केच काम उन्हात करायचं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यायचं. प्रत्यक्षात इतकी सूट क्वचित मिळते, पण निदान पहिले चार-पाच दिवस सावलीतली कामं मागून घ्या. तहान लागायची वाट न पाहता दर १५-२० मिनिटांनी पेलाभर पाणी. डोकं दुखायला लागलं, मळमळलं, बोलणं अडखळायला लागलं तर लगेच सावलीत. सोबतचा माणूस बरळायला लागला, तर अंगावर पाणी ओतायचं आणि रुग्णवाहिका बोलवायची, ‘जरा बसू दे, होईल बरा’ म्हणायचं नाही.

पहिली फेरी हातानं

यंत्र असो वा नसो, पहिली फेरी चालत आणि हातानंच करायची. यंत्राला न झेपणाऱ्या किंवा यंत्रानं भलतीकडे पसरवलेल्या गोष्टी याच फेरीत सापडतात: काच, सुया, जाळी, खिळ्यांची फळकुटं.

पाण्याला समांतर, नागमोडी चाला. नव्या माणसाची नजर बाटल्यांवर जाते, आणि बाटल्या उचलून झाल्या की किनारा स्वच्छ दिसायला लागतो. मग गुडघ्यावर बसून भरतीच्या रेघेचा हातभर तुकडा नीट बघा. सुकलेल्या शेवाळाच्या काड्या, शिंपल्यांचे तुकडे, आणि त्यात त्याच रंगाच्या सिगारेटच्या थोटकांची बोंडं, म्हणजे फिल्टर. भिजून, सुकून, कागद गळून गेला की ती लाकडाच्या सालीसारखी दिसतात. ती कापसाची नसतात, सेल्युलोज ॲसिटेट नावाच्या प्लॅस्टिकची असतात आणि आपोआप लवकर कुजत नाहीत. १९८६ साली टेक्सासमध्ये सुरू झालेल्या आणि आता जगभर चालणाऱ्या किनारा स्वच्छता मोहिमेच्या मोजणीत कित्येक वर्षं पहिल्या क्रमांकावर थोटकंच होती. बाटल्यांची झाकणं, कान कोरायच्या काड्या, गोळ्या-चॉकलेटच्या कागदांचे कोपरे हे सगळं याच रेघेत असतं.

त्याहून बारीक म्हणजे प्लॅस्टिकचे मणी. मसुराएवढे, बहुधा पांढरट, कारखान्यात वस्तू बनवायला जातात तो कच्चा माल. २०२१ साली कोलंबोजवळ ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे जहाज जळून बुडालं तेव्हा सुमारे १,६८० टन मणी समुद्रात सांडले आणि श्रीलंकेचे किनारे बर्फ पडल्यासारखे पांढरे झाले. असे मणी दिसले तर फावड्यानं खोल खणू नका. फक्त वरचा पातळ थर चाळणीवर घ्या. ओली वाळू असेल तर घमेल्यात समुद्राचं पाणी घेऊन त्यात ढवळा. वाळू खाली बसते, बहुतेक मणी तरंगतात, ते जाळीच्या पळीनं काढता येतात आणि वाळू जागच्या जागी परत जाते.

जाळ्यांशी कुस्ती खेळू नका. वर दिसतं ते टोक असतं, बाकीचं जाळं वाळूखाली भरलेलं आणि ओलं. ट्रॅक्टरला बांधून ओढलं तर दोर तुटून चाबकासारखा फटका बसतो. आजूबाजूची वाळू काढायची, तुकड्यातुकड्यानं कापायचं, सुरीची धार अंगापासून लांब. जाळ्यात गळ असतात हे धरूनच चाला.

जे तसंच सोडायचं

भरतीच्या रेघेवरचं शेवाळ हा कचरा नाही. त्यात वाळूवरचे किडे राहतात, किड्यांवर पक्षी जगतात, वाऱ्यानं उडणारी वाळू त्याच शेवाळाला अडते, आणि ते कुजलं की टेकडीवरच्या वनस्पतींना खत मिळतं. ‘ब्लू फ्लॅग’ हे किनाऱ्यांना मिळणारं नामांकन पर्यटनाशी जोडलेलं आहे, तरी त्याच्या निकषांतही शेवाळ आणि नैसर्गिक पालापाचोळा शक्यतो किनाऱ्यावरच राहू द्यावा असं आहे. तेव्हा हॉटेलवाल्यानं आग्रह धरलाच, तर निदान संपूर्ण पट्टा न खरवडता लोकांच्या बसण्याचा भाग मोकळा करून उरलेलं टेकडीच्या पायथ्याशी सरकवा.

शेवाळ उचलायचंच असेल तर उचलून लगेच गाडीत भरू नये. लांबट ढीग करून काही तास सुकू द्या, मग दाताळ्यानं हलवा. वाळू गळून पडते आणि वजन निम्म्यावर येतं. कचऱ्याच्या गाडीतून जाणारी प्रत्येक घमेलंभर वाळू म्हणजे किनाऱ्याची झीज आहे, आणि ती भरून काढायला पुढे पैसे मोजून वाळू आणावी लागते.

इथे एक अपवाद आहे, आणि तो महत्त्वाचा. २०११ पासून कॅरिबियन किनाऱ्यांवर सारगॅसम नावाचं तपकिरी शेवाळ काही वर्षी ढिगांनी येतं. इतकं, की ते राहू देणं शक्यच नसतं. असे जाड थर साधारण दोन दिवसांत आतून सडायला लागतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. सडक्या अंड्यांचा वास तो हाच. फ्रान्समधल्या ब्रिटनी किनाऱ्यावर २००९ साली हिरव्या शेवाळाच्या सडलेल्या चिखलात रुतून एक घोडा जागीच मेला आणि स्वार बेशुद्ध पडला. हा वायू जास्त प्रमाणात असला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणून वास अचानक थांबला तर हायसं वाटून घेऊ नका, तिथून बाहेर पडा. जुन्या थरावर एकट्यानं चढायचं नाही, वरची कडक पापडी फोडायची नाही, आणि वायू मोजायचं यंत्र असल्याशिवाय ढिगाच्या मधोमध काम करायचं नाही. मालकानं ते यंत्र दिलं नसेल तर मागा. मागायला लाजण्यासारखी ही गोष्ट नाही.

मर्यादवेल आणि टेकडीवरचं गवत उपटायचं नाही. त्यांच्या मुळांनीच वाळू धरून ठेवलेली असते. टेकडीवरचा कचरा हातानं वेचायचा, दाताळं तिथे न्यायचंच नाही, आणि जायला-यायला एकच वाट ठेवायची. वाहून आलेले मोठे ओंडके लोकांच्या वाटेत नसतील तर राहू द्या.

उघड्या वाळूवर चिखले आणि सुरय यांच्यासारखे पक्षी अंडी घालतात. घरटं म्हणजे नुसता खळगा, अंडी वाळूच्याच रंगाची. एखादा पक्षी डोक्यावर येऊन ओरडायला लागला किंवा पंख मोडल्याचं सोंग करत समोरून फरफटत निघाला, तर समजायचं की अंडी जवळ आहेत. जिथे आहात तिथे थांबा, खाली बघा आणि आपल्याच पावलांच्या ठशांवरून मागे फिरा.

कासवांच्या हंगामात सकाळी पहिली नजर कचऱ्याकडे नाही, वाळूकडे. मादी कासव पाण्यातून वर येऊन परत गेल्याची खूण छोट्या ट्रॅक्टरच्या चाकाच्या ठशासारखी दिसते. ती खूण पुसायची नाही, कारण पाहणी करणारे लोक तिच्यावरूनच घरटं शोधतात. घरट्यात अंडी साधारण दीड ते दोन महिने असतात. त्यावरून गाडी न्यायची नाही, छत्रीची काठीसुद्धा रोवायची नाही. फ्लोरिडात तर कासवांच्या हंगामात सकाळची पाहणी झाल्याशिवाय सफाईचं यंत्र किनाऱ्यावर उतरवता येत नाही आणि उतरवलं तरी त्याचे दात वरच्या पाचेक सेंटिमीटरपलीकडे जाऊ द्यायचे नसतात.

ज्याला हात लावायचा नाही

सुई-सिरिंज बोटांनी उचलायची नाही, हातमोजे असले तरी. चिमट्यानं धरायची, सुईचं टोक खाली आणि अंगापासून लांब, आणि जाड प्लॅस्टिकच्या डब्यात टाकायची. डबा सुईकडे न्यायचा, सुई डब्याकडे नाही. टोपण परत बसवायचं नाही. गोणी पायाला घासत न्यायची नाही, आणि वरून हातानं दाबून तर मुळीच भरायची नाही. टोचलीच, तर वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवा, चोखू नका, जखम दाबत बसू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. एचआयव्हीचा संसर्ग टाळायची औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितक्या लवकर तितकं चांगलं.

धातूच्या नळकांड्या, जहाजांवरून इशाऱ्यासाठी पेटवतात त्या नळ्या (फ्लेअर), गंजलेले गोळे, तोंड बंद असलेले पिंप: लांब थांबायचं, लोकांना दूर करायचं, पोलिसांना किंवा तटरक्षकांना कळवायचं. बाल्टिक समुद्राच्या काठावर दुसऱ्या महायुद्धातल्या बाँबमधला पांढरा फॉस्फरस अजूनही वाहून येतो. तो पिवळसर खड्यासारखा दिसतो, लोक अंबर (झाडाच्या चिकाचा जुना, मौल्यवान खडा) समजून खिशात टाकतात, आणि सुकला की तो आपोआप पेट घेतो. काहीही मौल्यवान वाटलं तरी खिशात टाकायचं नाही, ही सवय इथेच लागावी. बांधलेली अनोळखी पुडकीसुद्धा उघडायची नाहीत.

डांबरगोळे, म्हणजे समुद्रात सांडलेल्या तेलाचे घट्ट झालेले काळे गोळे, थोडे असतील तर फावड्यानं वेगळ्या पिशवीत घ्या. अंगाला लागले तर खायचं तेल आणि मग साबण. पेट्रोल-रॉकेलनं अंग पुसायचं नाही. मात्र तेलाचा तवंगच किनाऱ्याला लागला असेल, तर काम थांबवा. त्यावर यंत्र फिरवलं तर तेल वाळूत खोल जातं. ते काम खास प्रशिक्षण घेतलेल्या लोकांचं.

मेलेली जेलीफिशही डंख मारते. ती फावड्यानं उचलायची. डंख झालाच तर चोळायचं नाही, गोड्या पाण्यानं धुवायचं नाही. समुद्राच्या पाण्यानं धुऊन जीवरक्षकाकडे जायचं. पुढचा उपचार जात बघून ठरतो, ते त्यांना ठाऊक असतं.

जिवंत डॉल्फिन किंवा व्हेल किनाऱ्याला लागला तर शेपटीला धरून ओढायचं नाही. अंगावर ओली फडकी ठेवायची, डोक्यावरचं श्वासाचं भोक मात्र उघडं राहू द्यायचं, आणि तज्ज्ञांना बोलवायचं. मेलेल्या व्हेलच्या पोटात वायू साठतो, त्यामुळे त्यावर चढणं किंवा त्यात काही खुपसणं नको. अमेरिकेत ऑरेगन राज्यातल्या फ्लॉरेन्स इथे नोव्हेंबर १९७० मध्ये एका मेलेल्या व्हेलला अर्धा टन डायनामाइट लावून उडवायचं ठरलं. मांसाचे लगदे बघ्यांच्या अंगावर पडले, लांब उभी केलेली एक मोटार चेपली, आणि व्हेलचा बराचसा भाग होता तिथेच राहिला. हल्ली अशी धुडं बहुतेक पुरतात किंवा कापून नेतात.

यंत्रावर बसायची वेळ आली तर

सफाईची यंत्रं मुख्यत्वे दोन जातींची. एकात फिरत्या पट्ट्यावर दात असतात, ते वाळू विंचरून कचरा वर घेतात. दुसऱ्यात वाळू उचलून हलत्या चाळणीवरून जाते. चाळणीचं यंत्र कोरड्या वाळूत थोटकंसुद्धा पकडतं, पण ओल्या वाळूत चाळणी बुजते. दातांचं यंत्र ओल्या वाळूतही चालतं, बारीक कचरा मात्र त्यातून निसटतो. कुठे काय चालवायचं हे रोज वाळू मुठीत दाबून ठरवा. मूठ उघडल्यावर गोळा टिकला तर चाळणी नको.

यंत्र किनाऱ्यावर माणसं यायच्या आत फिरवायचं. वाळूत चादर ओढून झोपलेला माणूस उंच सीटवरून दिसत नाही, म्हणून पुढे एक माणूस चालत ठेवायचा. दातांत दोर अडकला की इंजिन बंद, किल्ली खिशात, सगळं फिरायचं थांबलेलं, आणि मगच हात आत. या नियमाला घाई हे कारण चालत नाही, कारण बोटं जातात ती घाईतच. पाळी संपली की गोड्या पाण्यानं खालून-वरून धुवायचं आणि ग्रीस द्यायचं. खारं पाणी एका हंगामात साखळ्या खाऊन टाकतं.

डागडुजी

हे काम नंतर येतं पण रोजचं असतं. लाकडी वाटेवर फावडं आडवं धरून ओढा, वर आलेला खिळा किंवा स्क्रू आवाजानंच कळतो. बदलताना ३१६ प्रतीचं स्टेनलेस वापरा, साधा खिळा समुद्राजवळ काही महिन्यांत गंजतो. पाय धुण्याच्या नळाखालची मोरी वाळूनं तुंबते, रोज उपसा. व्हीलचेअरच्या पट्ट्यावरची वाळूही रोज झाडा. जीवरक्षक कडं आणि त्याचा दोर जागेवर आहे का, दोर कुजलेला नाही ना, हे सकाळच्याच फेरीत बघायचं. पोहणाऱ्यांना इशारा देणाऱ्या झेंड्यांना हात लावायचा नाही, ते जीवरक्षकांचं काम.

शौचालय साफ करताना ब्लीच आणि आम्ल एकत्र करायचं नाही. त्यातून क्लोरीन वायू सुटतो आणि बंद खोलीत जीव जाऊ शकतो.

मुलांनी खणलेले खड्डे संध्याकाळी बुजवायचे. गुडघ्यापेक्षा खोल खड्ड्याच्या कडा कोसळल्या तर आतलं मूल गाडलं जातं, आणि रात्री त्याच खड्ड्यात कासव अडकतं. दिवसा कोणी तसा खड्डा खणताना दिसला तर त्याला सांगा. लोक सहसा ऐकतात.

कचरापेट्या पाण्याजवळ नाही, लोक बाहेर पडतात त्या वाटेवर. झाकण हवंच, आणि अंधार पडायच्या आत त्या रिकाम्या झालेल्या हव्यात. भरलेली पेटी रात्रभर राहिली की कुत्रे, कावळे आणि वारा ती किनाऱ्यावर पसरवतात.

वही

मुकादम सांगो न सांगो, स्वतःची एक छोटी वही ठेवा. तारीख, भरतीची वेळ, किती गोण्या, कोणत्या भागातून, सुया किती, काय तुटलं, कोणाला कळवलं, सापडलेल्या किमती वस्तू कोणाच्या ताब्यात दिल्या. सापडलेली अंगठी किंवा फोन लिहून, सही घेऊनच द्यायचा. इजा झाली तर कितीही किरकोळ असली तरी त्याच दिवशी नोंदवा, नंतर नुकसानभरपाई मागताना ‘तेव्हा का नाही सांगितलं’ हा पहिला प्रश्न येतो.

याच वहीतून पुढची वाट निघते. अमुक वाऱ्यात कचरा अमुक टोकाला जातो, उधाणानंतर किती माणसं लागतात, हे ज्याच्याकडे लिहून असतं त्याला पाळी आखायला बसवतात. त्याच्या जोडीला प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र आणि ट्रॅक्टर चालवायचा परवाना असला तर हंगामी कामगारांतून बाराही महिने ठेवायच्या लोकांत नाव लवकर येतं. दोन्ही गोष्टी बिगरहंगामात, हाताला काम कमी असतं तेव्हा करून घ्या.